भैयाजीचं पिस्तूल

"हे हलकं लागते," म्हणत भैयाजीने तिसरं पिस्तूल काउंटरवर ठेवलं. "कमरेले लावलं तर शर्टातून उठून दिसलं पायजे."

दुकानदार बिरजूने त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. चंद्रपूरच्या बाजारातलं हे दुकान सायकलचे टायर, स्टोव्हच्या पिना आणि काचेच्या कपाटातली छर्ऱ्याची पिस्तुलं, असं सगळंच विकायचं. या पिस्तुलांना परवाना लागत नाही. हवेच्या जोरावर छर्रा उडतो, फार तर एखादी चिमणी मरते.

"निशाण्याच्या प्रॅक्टिससाठी म्हणलं ना तुमी? मंग हे लाकडी मुठीचं घ्या. दिसाले साधं हाये, पण नेम सरळ जाते."

"दिसाले साधं काय कामाचं?" भैयाजी म्हणाला.

त्याची बायको भागीरथा मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली होती. तिला हसू येत होतं आणि किळसही. भैयाजी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनीम. आठवडाभरात जंगलात फळी लागणार होती, म्हणजे बायांनी तोडून आणलेले पानांचे पुडे मोजून घ्यायला त्याला तिथे जाऊन बसायचं होतं. मोजताना चार पुडे खाऊन टाकायचे आणि बाई बोलली की डोळे वटारायचे, एवढीच त्याची मर्दुमकी. यंदा बाया डोळ्यांना भीक घालीनात, म्हणून पिस्तूल हवं होतं. तेही स्वस्तातलं.

गेल्या हंगामात शेजारच्या फळीवर जंगलातले बंदूकवाले आले होते. तिथल्या मुनिमाला त्यांनी चार शिव्या घालून सोडून दिलं. रखवालदाराच्या खांद्यावर मात्र ठासणीची भरमार बंदूक होती. त्याला ते सोबत घेऊन गेले आणि तो काही परत आला नाही. ही गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. भैयाजीलाही होती, पण शेखी मिरवायची म्हटली की त्याला काहीच आठवत नसे.

बिरजूने खालच्या खणातून चौथं पिस्तूल काढलं. काळं कुळकुळीत, जाड नळीचं. "नेम वाकडा जाते याचा, म्हणून सस्त्यात देऊन राह्यलो. पण लांबून पाह्यलं तर पोलिसालेबी असलीच वाटन."

भैयाजीचे डोळे चमकले.

"अवो," भागीरथा म्हणाली, "थ्या लोकाइले असली वाटलं तर तुमाले घेऊन जातीन ना."

"तू चुप ऱ्हाय. पिस्तूल पाहून माणूस चळचळ कापते."

"कोन कापते? थे?"

भिंतीला पुठ्ठा टांगलेला होता, त्याच्यासमोर भैयाजी छाती काढून उभा राहिला. नळी वाकवून हवेचा दट्ट्या ताणायला दोन्ही हातांनी झटला, पण नळी काही वाकेना. शेवटी बिरजूनेच ती भरून दिली. भैयाजीने हात लांब केला, डोळे गच्च मिटले आणि घोडा ओढला. पुठ्ठा कोराच राहिला. त्याच्या हातभर वर पाल बसली होती. ती हललीसुद्धा नाही.

"झकास हाये," भैयाजी म्हणाला. "हेच बांधा. अन् कातड्याचं कव्हरबी द्या."

भागीरथाला वाटलं, उठावं आणि या माणसाला इथेच टाकून एसटी गाठावी. पण तो जिवानिशी गेला तर कपाळ तिचं पांढरं होणार होतं. तिला त्याची कीव येत नव्हती. राग येत होता, की असल्या माणसासाठीसुद्धा आपला जीव खालीवर होतो.

पैसे देऊन झाल्यावर भैयाजीने घसा खाकरला. "भागीरथा, मातामायसाठी घेतलेला शेंदूर काढ. नवं हत्यार हाये. शेंदूर लावल्याबिगर उंबऱ्यात न्यायचं नाई."

सायकलच्या घंटीलासुद्धा शेंदूर लावल्याशिवाय तो ती वाजवत नसे. देवीला तो बंदूकवाल्यांपेक्षा जास्त भ्यायचा.

भागीरथाने पिशवीतून पुडी काढली. बिरजूकडून मशीनचं तेल मागून घेतलं, कागदावर सगळी पुडी रिकामी केली आणि कालवली. नळीच्या टोकापासून सुरुवात केली. नळी झाली, घोडा झाला, मूठ झाली. चुलीला पोतेरं घालावं तसं तिने ते पिस्तूल वरखाली सारवून काढलं. काळं कुठे दिसेना. काउंटरवर देवळाच्या दारातल्या दगडासारखी एक केशरी वस्तू पडली होती.

"अवं, काय करून राह्यली! बोटभर लावाचं होतं!" भैयाजीने घाईघाईने रुमाल काढला.

"पुसा," भागीरथा म्हणाली. "मातामायच्या नावाचा हाये. पुसा ना."

रुमाल हवेतच राहिला. बिरजू कपाटाकडे तोंड करून खांदे हलवत होता. भैयाजीने देवीचं नाव पुटपुटलं, रुमाल खिशात घातला आणि दोन बोटांच्या चिमटीत पिस्तूल शेपटी धरून उंदीर उचलावा तसं उचललं. पांढऱ्या शर्टाला डाग पडेल म्हणून ते कमरेला लावायचीही सोय उरली नव्हती.

भागीरथाने हाताला उरलेला शेंदूर कातड्याच्या कोऱ्या कव्हराला पुसला.

"छर्रे राह्यले की," बिरजू कसाबसा हसू आवरत म्हणाला. "एक डबी देऊ?"

"कायले जी?" भागीरथा पिशवी उचलत म्हणाली. "थे लोकं आता हे पाहून हासतीन. अन् हासतच सोडून देतीन याइले."