सुचलेली शक्यता

निकाल लागला तशी अ‍ॅडव्होकेट मृणाल पेंडसेंनी कपाळावरची कल्पनापट्टी काढली. ती लावली की वकिलाचं मन नेहमीच्या वाटा सोडून कुणालाच न सुचलेल्या शक्यता शोधू लागायचं. तिच्याच जोरावर त्यांनी सुधाकर गावंडेंना भागीदाराच्या खुनाच्या आरोपातून सोडवलं होतं.

विषबाधेने मेला त्या दुपारी भागीदाराने गावंडेंचा डबा खाल्ला होता. मग विष खुद्द गावंडेंसाठीच घरून आलं नसेल कशावरून, असा मुद्दा पेंडसेंनी मांडला. डबा केला होता गावंडेंच्या बायकोने, विमलने. "हे सुटणार असतील तर खुशाल माझं नाव घ्या," असं तिनेच सांगितलं होतं.

कोर्टाबाहेर गावंडेंनी हळूच विचारलं, "मॅडम, ही शंका तुम्हाला आली की पट्टीला?"

"शंका नाही हो, ती नुसती शक्यता होती."

"पण सुचली ना?"

पेंडसेंनी पट्टी बॅगेत टाकली. तेवढ्यात विमल पेढे घेऊन आली. डोळे पुसत तिने एक पेढा नवऱ्याच्या तोंडाजवळ नेला.

गावंडेंनी तिचा हात मध्येच धरला.

"आधी तू खा," ते म्हणाले.