लोक नावं ठेवतील

"बारशाला सगळं गार जेवण? लोक नावं ठेवतील," सासूबाई म्हणाल्या.

गॅसपुढे उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून महिन्याच्या लेकीला मांडीवर घेऊन मी सँडविच, सॅलड, फळं अशी यादी करत होते. काकडी जाड चिरली तर लोक नावं ठेवतील, पावाच्या कडा राहिल्या तरी ठेवतील. त्यांचं चालूच होतं.

तेवढ्यात केकवाल्याचा फोन आला. केकवर बाळाचं नाव काय लिहू, म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोन ओढून घेतला आणि नाव सांगून टाकलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुला सांगायचं राहिलंच," नवरा पुटपुटला.

मी यादी सासूबाईंच्या हातात दिली.

"काकडी तुम्हीच चिरा, आई. नाव तुम्ही ठेवलंत, आता नावं मी ठेवते."