छोट्याशा ब्रेकनंतर

“निनादभाई, शेजारची मरियमबी माझ्यासाठी दार उघडत नाही. फोन उचलत नाही. पण तुमचा प्रोग्राम लागलाय तिच्याकडे, भिंतीतून ऐकू येतोय मला. आज तेवढं बोलू द्या.”

निनादने हेडफोन सारखा केला. आखातातल्या त्या रेडिओवर शुक्रवार सकाळचा मराठी अर्धा तास चालू होता आणि शहराच्या देरा भागातून अन्वरीचा फोन म्हणजे कार्यक्रम हमखास रंगणार. दर शुक्रवारी ती फोन करायची. आजचा शेवटचा. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि सगळं आवरून ती माणसं कायमची रत्नागिरीला निघाली होती. मोबाइलचं सिमसुद्धा कालच परत केलेलं, घरच्या फोनवरून बोलत होती.

“बोला ना! काय झालं होतं दोघींमध्ये?”

“झालं असं की त्या दिवशी मी तिला...”

“थांबा, थांबा, अन्वरीताई! आत्ता मला नका सांगू. एकदा सांगून टाकलंत की ऑन एअर ते शिळं वाटतं. सगळ्यांसमोरच सांगा.”

रेडिओवाल्यांची ही जुनी खोड. माणसाचं दुःखसुद्धा त्यांना गरमागरम लागतं.

“पुढचा फोन थेट देऱ्याहून!” निनाद माइकवर म्हणाला. “कुठेही जाऊ नका. भेटू या एका छोट्याशा ब्रेकनंतर!”

छोटासा म्हणे! मंदीत निदान जाहिराती तरी कमी होतील, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. झालं उलटंच. भाव कोसळले, आणि पूर्वी एका जाहिरातीत सुटायचे तेवढे पैसे उभे करायला आता चार-चार वाजवाव्या लागत. आधी कार्गोवाला ओरडला, घरचं सामान थेट गावच्या दारापर्यंत! मग जुन्या गाड्या रोखीने घेणारा. मग स्वस्तातली तिकिटं, फक्त जायची. मग तो टॉवर, ज्याची क्रेन स्टुडिओच्या खिडकीतून दिसायची आणि कित्येक महिन्यांत तसूभर हलली नव्हती. त्यातले फ्लॅट रेडिओवर अजूनही ‘शेवटचे काहीच’ उरले होते. लोक पोटाला चिमटा घेऊन शहर सोडत होते आणि हे त्यांच्या मागे लागून दुकान मांडत होते. लाज कशी वाटत नाही!

“निनादभाई, आला का माझा नंबर? सामान चढवून झालं.” मागून तिच्या मुलीचा आवाज आला, “मम्मी, द टॅक्सी अंकल इज शाउटिंग!”

“आलाच. एकच मिनिट, ताई.”

त्याने काचेवर टकटक केली. जाहिराती विकणारी विभावरी आत आली.

“विभावरी, उरलेल्या काढ ना. प्लीज. बाई एअरपोर्टला निघालीय.”

“नाही काढता येत. क्लायंट घड्याळ लावून ऐकतो. एक चुकली तर सगळे पैसे परत मागेल.”

“अगं, अर्ध्या तासात माझा कार्यक्रम उरलाय किती? दोन गाणी, तीही मध्येच कापलेली!”

“आणि मी ह्या विकल्या नसत्या तर तेवढाही उरला नसता. तुझा प्रोग्राम मी वाचवलाय, निनाद. माझ्यावर डाफरू नकोस.”

तिचंही खोटं नव्हतं. तिच्या विभागातली निम्मी टेबलं रिकामी होती. पण निनादच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. बटण हाताशी होतं. दाबलं की जाहिरात बंद आणि अन्वरी सुरू. मग नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि हा स्वतःच कार्गोवाल्याचा नंबर शोधत बसला असता. बोट बटणावर ठेवून तो नुसता बसून राहिला. स्वतःच्याच भेकडपणाचा त्याला असा राग आला की कानशिलं तापली. रेडिओवर आता कुणीतरी कर्ज देत होतं, हसतहसत, कसलेही कागद न मागता.

“निनादभाई, खलास आता. ड्रायव्हर वर येऊन उभा राहिलाय. राहू दे. नव्हतं नशिबात.”

“ताई, थांबा! मला सांगा, मी सांगतो तिला! काय होतं ते...”

फोन ठेवला गेला होता. त्याने परत लावला. घंटी वाजत राहिली.

निनादने हेडफोन आपटला. कार्गोवाला, टॉवरवाला, कर्जवाला, सगळ्यांच्या बापजाद्यांचा त्याने अस्सल मराठीत उद्धार केला. माइक बंद होता म्हणून वाचला. विभावरी बाहेर गेली.

दुसरी लाइन लुकलुकत होती. त्याने चिडूनच उचलली.

“हॅलो, मी मरियमबी बोलतेय, देऱ्याहून. देऱ्याचा फोन आहे म्हणालात तुम्ही. अन्वरीचा होता काय हो?”

निनाद ताठ बसला. “हो. तुमच्यासाठीच होता.”

“वाटलंच मला. रेडिओला कान लावून खिडकीत उभी होते. म्हटलं, पहिला शब्द तिने बोलावा, मग धावत तिच्या दारी जाते. टॅक्सी आत्ता वळली. काय म्हणाली?”

खोटं सांगता आलं असतं. माफी मागितली म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. निनादची जीभ रेटेना.

“सांगत होती. मीच तिला थांबवलं. म्हटलं, आधी जाहिराती होऊ देत.”

मरियमबीच्या खोलीतला रेडिओ तेवढा फोनमधून ऐकू येत होता. कुणी बाई खिदळत साबण विकत होती.

“मग,” मरियमबीने विचारलं, “संपल्या का?”