रिकामी बस

शाळेच्या बसचा ड्रायव्हर सकाळची फेरी संपवून, रिकामी बस खाली लावून कोर्टात येऊन बसला होता, त्याला आता दुपार होत आली. लाल सिग्नल तोडल्याची तारीख होती. पाय आखडले होते, डोळे मिटत होते. कबूल करून एकदाचं मोकळं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पुकारा झाला. तो समोर जाऊन उभा राहिला.

"सिग्नल तोडला, मान्य आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मान्य आहे, मॅडम. डुलकी लागली असावी."

"बसमध्ये मुलं असताना डुलकी? लायसन्स जाईल तुमचं."

त्याची झोप खाडकन उडाली. "नाही हो मॅडम! मुलांना सोडून परत येत होतो. बस रिकामी होती."

कारकुनाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचा फोटो होता. नंबर त्याच्याच बसचा. स्टिअरिंगवर मान टाकलेला तोच. आणि प्रत्येक खिडकीच्या काचेला एकेक चेहरा चिकटलेला होता.

शाळेतलं एकूण एक पोर तो ओळखायचा. यातलं एकही त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"ही आमची मुलं नाहीत," तो पुटपुटला.

"मग कोणाची?"

तो पडद्याजवळ वाकून एकेक चेहरा पुन्हा पाहू लागला. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई जिना चढून धापा टाकत आत आला.

"खाली शाळेची बस कोणी लावलीय हो? पोरांना आत कोंडून इथे काय बसलात? केव्हाची काचा बडवतायत, 'काका, काका' करून!"