भिंत बंद करण्यापूर्वी

"रोग गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मग किडनीची सोनोग्राफी कशाला?" प्लंबरने टेबलावर बोट आपटले. "ऑपरेशन आणखी लांबवायला?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशनआधी ही तपासणी आम्ही प्रत्येकीची करतो. बहुतेकींची चांगलीच येते."

"चांगलीच येते, तर करता कशाला?"

आपला प्रश्न बिनतोड आहे असे त्याला वाटले. शेजारी बसलेली बायको मात्र हसली. या दुखण्यात पहिल्यांदाच.

"अहो, फरशा बसवायच्या आधी तुम्ही पाइपांना प्रेशर देऊन रात्रभर ठेवता. मालक कावतो, गवंडी खोळंबतो. तेव्हा कुणाचं ऐकता का?"

त्याने जोडलेले पाइप क्वचितच गळत. तरीही भिंत बंद करण्यापूर्वीची ही परीक्षा त्याने कधी चुकवली नव्हती. गळती सापडलीच, तर कपाळाला आठ्या घालून उभ्या असलेल्या मालकाला तो एकच वाक्य ऐकवीत असे : "बरं झालं, आधीच कळलं."

दुपारी अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि उठून दार लोटून घेतले.

"ऑपरेशन करायचं नाही."

"सुटलो!" तो ताडकन उभा राहिला. "बघ, उगाच घाबरत होतीस."

"बसा जरा." त्यांचा आवाज खाली आला होता. "डाव्या किडनीकडून येणारी नळी रोगाने बाहेरून आवळली आहे. वर पाणी तुंबलंय. म्हणजे रोग बाजूला पसरलाय. कापून सगळा निघायचा नाही. किरणांचे उपचार करू. पण..."

त्या 'पण'च्या पुढचे त्याला समजावून सांगावे लागले नाही. आवळलेली नळी आणि तिच्यामागे तुंबलेले पाणी त्याला डोळ्यांपुढे दिसत होते.

"पण हिला तिथं कधी दुखलंच नाही," तो पुटपुटला.

"पुष्कळदा दुखत नाही."

दाखल होण्यासाठी भरून आणलेली पिशवी बायकोने मांडीवरून उचलून पायांशी ठेवली. मग त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं."

या वाक्यावर आजवर कोणत्या मालकाने काय उत्तर दिले होते, ते तो आठवू लागला.