आरामाचा तास

नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला तेरा दिवस उरले होते. अभ्यासाइतकाच आरामही हवा, असं क्लासच्या सरांनी बजावल्यामुळे मोहिनीने भिंतीवरच्या वेळापत्रकात चार ते पाच ‘आराम’ लिहिलं होतं. माय वेळापत्रक मोडू देत नसे. असोदा गावातल्या बाया मोहिनीकडच्या मशीनवर बीपी मोजायला आल्या की माय ओट्यावरूनच सांगायची, “चारले या, तवा पोरगी मोकळी राह्यते.” रोज चारला रांग लागायची. आज सातवी बाई उठली, तशी माय समोर बसली. बाही वर सारत म्हणाली, “माह्यंबी पाह्य. आठ दिवसांपासून गरगरतं. तुह्या अभ्यासाची खोटी नको म्हनून थांबली.” मशीनवर एकशे नव्वद आलं. मोहिनीने पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा तेच. “माय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल.” “तुही परीक्षा होऊ दे, मंग जाऊ,” म्हणत मायने स्वतःच पट्टा सोडला. “पाच वाजले. बैस अभ्यासाले.”