शामची गाडी

"काळी वायर आधी काढा लागते, बापू," बबिता म्हणाली. "ते तसंच करत होते."

ते म्हणजे शाम. नेमसिंगचा मुलगा, बबिताचा नवरा. किडनीच्या आजारात तो गेला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. फुलसावंगी ते यवतमाळ सवाऱ्या नेणारी त्याची गाडी तेव्हापासून तांड्यातल्या घरासमोर उभी होती. काल नेमसिंगने बॅटरी चार्ज करून आणली, तरी गाडी चालू झाली नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट पांढरा थर चढला होता.

नेमसिंगने काळी वायर सोडली, मग लाल. बबिताने गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून दिला. जुन्या टूथब्रशने तो घासू लागला. सोडा फसफसला.

"तोंड दूर ठेवा. डोळ्यात उडंन."

शेजारचा धावजी रस्त्याने जाता जाता थांबला.

"काय नेमसिंग, विकून राह्यला का गाडी?"

"आज लोक येऊन राह्यले," नेमसिंग म्हणाला. "फाट्यावरून आणा लागंन त्याइले."

"बरं केलं. किती दिवस अशी दारात ठेवशीन? कोणाच्या तरी कामी येईन."

नेमसिंगचा हात थांबला. धावजी गेल्यावर तो पुन्हा घासू लागला.

आत नंदाबाई शिऱ्यासाठी रवा भाजत होती. ती उलथणं घेऊनच दारात आली.

"शामचं एवढंच तं उरलं आपल्या घरात," ती नवऱ्याला म्हणाली. "तेबी देऊन टाका. मले नाही पाहवणार दुसऱ्याच्या दारात."

"मंग काय जनमभर अडकवून ठेवू?" नेमसिंग हळूच म्हणाला. "आपण किती दिवसाचे?"

रवा करपल्याचा वास आला तशी नंदाबाई आत गेली.

नेमसिंगने टोकं कोरड्या फडक्याने पुसली. बबिताकडे न पाहता तो म्हणाला, "खरं सांग. तुह्या मनात नसंन तं आत्ताच फोन करतो. नका येऊ म्हणतो."

"हो म्हटलं ना मी."

"रडून म्हटलं होतं."

"रडू तं येईनच, बापू." तिने व्हॅसलीनची डबी उघडून त्याच्या हातात दिली. "पण म्हटलं ते मनापासून म्हटलं."

नेमसिंगने वायरी कसल्या, टोकांना व्हॅसलीन लावलं आणि चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. त्या आवाजासरशी नंदाबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. उंबरठ्यावर आल्यावर तिला गाडीत नेमसिंग दिसला. तिने पदर तोंडाला लावला. बबिताने तिला धरून आत नेलं.

तासाभरात नेमसिंग फाट्यावरून पाहुण्यांना घेऊन आला. बोरी अरबचे लोक होते. एक वयस्क बाई, तिचा पस्तिशीतला मुलगा आणि त्याचा मामा सेवादास.

"गाडी झकास ठेवली," उतरताना सेवादास म्हणाला.

"पोराची हाय," नेमसिंग म्हणाला.

सगळे आत बसले. पाणी झालं, शिरा झाला. नंदाबाईने आग्रह करून दोनदा वाढलं, पण तिचे डोळे कोरडे होत नव्हते. बबिता चहा घेऊन आली. त्या बाईने तिला कप ठेवू दिले आणि मग हात धरून आपल्याजवळ बसवलं. मुलगा खाली पाहत होता.

सेवादासने कप बाजूला सरकवला आणि घरभर नजर फिरवली.

"मंग तारीख काढू या," तो म्हणाला. "पण पोरीचे वडील अजून दिसले नाही."

नेमसिंग उठला आणि बबिताच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मीच," तो म्हणाला.